नोरेबांगच्या यंत्राची सलामी
कोरियातील नोरेबांगमध्ये, म्हणजे गाण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या छोट्या बंद खोल्यांमध्ये, यंत्र सुरू होताना पडद्यावर कंपनीचे बोधचिन्ह झळकते आणि एक आखूड धून वाजते. नोरेबांगविषयी लिहिणारे बहुतेक जण गाण्यांची यादी, मायक्रोफोन आणि दर एवढ्यावरच थांबतात. सोलमध्ये राहून ही यंत्रे वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, खोली चांगली आहे की नाही, हे त्या पहिल्या काही क्षणांतच कळते.

त्याचे कारण तांत्रिक आहे. या यंत्रांमधील साथ बहुतांशी ध्वनिमुद्रित नसते. ती मिडी स्वरूपात, म्हणजे कोणता स्वर कधी वाजवायचा याच्या सूचनांच्या रूपात, साठवलेली असते आणि यंत्रातील ध्वनिनिर्मितीचा भाग ती त्या क्षणी वाजवतो, म्हणूनच गाण्याची पट्टी दोन स्वरांनी उतरवली तरी लय जागची हलत नाही. सुरुवातीची धूनही त्याच अॅम्प्लिफायरमधून आणि त्याच स्पीकरांतून येते. तिच्यातला खालचा ठोका फाटला, किंवा वरची किणकिण एकाच बाजूने ऐकू आली, तर पुढच्या गाण्यांचे काय होणार, हे पैसे घालण्यापूर्वीच समजते.

बोधचिन्हाचे कामही केवळ शोभेचे नाही. 1991 मध्ये बुसानमध्ये नोरेबांग सुरू झाल्यानंतर काही काळातच ते देशभर पसरले, आणि पुढे टीजे मीडिया व कुमयॉंग या दोन कंपन्यांची यंत्रे सर्वत्र दिसू लागली. एकाच गाण्याचा क्रमांक दोन्ही कंपन्यांकडे वेगळा असतो. आवडीच्या गाण्यांचे क्रमांक पाठ असलेल्या कोरियन मित्रमैत्रिणींना पडद्यावरचे नाव दिसताच कोणता क्रमांक दाबायचा ते उमगते. त्यामुळे ज्या चलच्चित्रात नाव पटकन आणि स्पष्ट वाचता येते, ते मला अधिक चांगले वाटते. अक्षरे बराच वेळ फिरवत ठेवून अखेरीस नाव दाखवणारी सजावट देखणी असली, तरी ती वाचणाऱ्याचा खोळंबा करते.

अर्थात ही सलामी ग्राहकाच्या वाट्याला रोज येत नाही, कारण अनेक ठिकाणी मालक दुकान उघडतानाच सगळी यंत्रे चालू करून ठेवतो. सोलच्या होंगदे किंवा सिन्छोन भागातील कॉइन नोरेबांगमध्ये, जिथे यंत्रात पैसे घालून गातात आणि हजार वॉनच्या नोटेत मोजकीच गाणी मिळतात, ही सलामी ऐकायची असेल तर दुकान उघडता उघडता गेलेले बरे. गाणे संपल्यावर यंत्र गायकाला देते त्या गुणांबरोबर वाजणारी तुतारी मात्र प्रत्येकाला ऐकू येते, आणि तिचा उत्साह मला मनापासून आवडतो: बेसुऱ्या गाण्यालाही ती तितक्याच आनंदाने दाद देते, त्यामुळे लाजरा माणूस दुसऱ्या गाण्याला तयार होतो.

एक तक्रार आहे. एका दुकानात, ज्याचे नाव मी घेत नाही, आधीच्या ग्राहकाने आवाज पूर्ण वाढवून ठेवला होता आणि यंत्र पुन्हा सुरू करताच ती धून त्या चिमुकल्या खोलीत कानठळ्या बसवणारी झाली. सुरुवातीची धून नेहमी मध्यम आवाजातच वाजेल, अशी सोय यंत्रातच असायला हवी. ती होईपर्यंत यंत्र पुन्हा सुरू करायला सांगण्याआधी आवाजाचे बटण खाली करावे आणि मगच धून नीट कान देऊन ऐकावी.