ब्राव्हेक्टो गोळी: आमच्या भुऱ्याच्या लुतीवर काय काम केलं, काय नाही

कुत्र्याचे केस गळताहेत आणि तपासणीत लुतीचे किडे सापडलेत, तर ही गोळी महाग वाटली तरी घ्या. तपासणी झाली नसेल तर इतक्यात घेऊ नका. असं का म्हणते ते सविस्तर लिहिते, कारण आमच्या भागात लूत लागलेलं कुत्रं दिसलं की त्याला गावाबाहेर हाकलतात, आणि ते मला बघवत नाही.

आमचं शेत आर्वी तालुक्यात. थोडी संत्र्याची बाग, बाकी पऱ्हाटी आणि तूर. रानडुकरं आणि रोही यांच्यामुळे रात्रीची जागल चुकत नाही, आणि भुऱ्या सोबत असला की जागलीला जाणाऱ्याला धीर असतो. गावठी कुत्रा आहे, पण धुऱ्याच्या पलीकडे पान हललं तरी उठतो. उन्हाळ्यात गोचिडांमुळे तो सारखा खाजवायचा. गावात फिरून जनावरांना औषध देणाऱ्या एकानं त्याला सुई टोचली. खाज लगेच थांबली. मात्र त्याच सुया पुन्हा पुन्हा होत गेल्या आणि पावसाळा लागता लागता डोळ्यांभोवतीचे केस गेले, मग पुढच्या पायांचे, मग पाठीवरचे. कातडी काळी आणि जाड झाली, पुटकुळ्या फुटून त्यातून पाणी यायला लागलं. वास तर असा की ओसरीवर त्याच्याजवळ कोणी बसेना.

सासूबाई म्हणाल्या, "त्याले कोठ्यातबी नोको बांधू, लेकराईले लागन." गड्यानं ट्रॅक्टरचं जळालेलं ऑईल डब्यात आणून ठेवलं. ते मी लावू दिलं नाही. कुत्रं अंग चाटतं, म्हणजे ते ऑईल पोटात जाणार, आणि सोललेल्या कातडीवर त्याची आग होते ती वेगळीच. हा उपाय गावोगाव चालतो. कोणी सांगितला तर हात जोडून नाही म्हणा.

तालुक्याच्या डॉक्टरांनी आधी औषध लिहिलंच नाही. त्यांनी कातडी चिमटीत दाबली, ब्लेडनं थोडं रक्त दिसेपर्यंत खरवडली, काचेवर तेलाचा थेंब टाकून ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि मलाही बघायला लावलं. लांबुळके, पुढच्या भागाला आखूड आखूड आठ पाय असलेले किडे हलत होते. डेमोडेक्स. हा किडा केसांच्या मुळाशी राहतो. पिल्लू आईला पीत असतं त्या पहिल्या दिवसांतच तो तिच्याकडून येतो आणि बहुतेक कुत्र्यांच्या अंगावर काही त्रास न देता राहतो. अंगातली प्रतिकारशक्ती कमी झाली की मात्र तो बेसुमार वाढतो. सुयांची हकीकत ऐकून डॉक्टर म्हणाले, त्या स्टेरॉइडच्या असणार: खाज दबली, सोबत प्रतिकारशक्तीही दबली.

ही लूत माणसाला लागत नाही. घरी येऊन मी सगळ्यात आधी सासूबाईंना हेच सांगितलं. माणसाला त्रास देणारी खरूज वेगळ्या किड्याची, सारकॉप्टिसची. तिच्यात कानाच्या कडा आणि कोपरं आधी सोलतात, कुत्रं खाजवून खाजवून वेडं होतं आणि घरातल्यांच्या अंगावरही पुरळ येते. दोन्हींत केस जातात, त्यामुळे नुसतं बघून ठरवता येत नाही. दोन्ही बाजूंचे केस सारखे गेले आणि खाज नाही, तर थायरॉइडचा दोष असू शकतो. गोल चट्टे असतील तर नायटा. या दोन्हींवर ही गोळी काहीच करत नाही. म्हणून खरवडून तपासणी आधी. तालुक्याला सोय नसेल तर नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं न्या.

आता गोळीबद्दल. आतलं औषध फ्लुरालानर. वजनाप्रमाणे वेगवेगळी खोकी येतात. कापसाच्या काट्यावर भुऱ्या 23 किलो भरला, म्हणून 20 ते 40 किलोची, 1000 मिलिग्रॅमची गोळी घेतली. ती मोडून दोन कुत्र्यांत वाटायची नसते. उपाशीपोटी न देता जेवणासोबत द्यायची. आम्ही दूध-भाकरीत दिली, त्यानं वास घेऊन आधी तीच उचलली. गोचीड आणि पिसवांवर एका गोळीचा असर साधारण 12 आठवडे राहतो. औषध रक्तातून काम करत असल्यामुळे कुत्रं नाल्यात डुंबलं तरी ते धुऊन जात नाही. शेतावरच्या कुत्र्यासाठी मला हा सगळ्यात मोठा फायदा वाटला. अमिट्राझ या किडे मारायच्या औषधाचं पाणी करून अंगाला लावायचं म्हटलं तर माप चुकायची भीती, शिवाय ते अंगावर वाळेपर्यंत कुत्र्याला चाटू द्यायचं नाही. शेतात हे कोण सांभाळणार?

गोचीड लगेच गळून पडले. केसांना वेळ लागला. आधी कातडी मऊ झाली, मग पोटाकडून बारीक लव आली, डोळ्यांभोवतीचं सगळ्यात शेवटी भरलं. दिसायला बरा झाला तरी डॉक्टरांनी महिन्याच्या अंतरानं पुन्हा खरवडून पाहिलं, आणि लागोपाठ दोनदा किडा दिसला नाही तेव्हाच बरा म्हणाले.

पुटकुळ्या आणि वास मात्र या गोळीनं जात नाहीत. तो जंतूंचा संसर्ग. त्याच्यासाठी वेगळं प्रतिजैविक आणि क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू लागला. शाम्पू लावून 10 मिनिटं तसाच ठेवायचा, मग धुवायचा. लगेच धुतला तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. वास गेला त्या दिवशी सासूबाईंनी स्वतः त्याला ओसरीवर बोलावून भाकर टाकली. मला फार बरं वाटलं.

भुऱ्याला काही त्रास झाला नाही, पण काही कुत्र्यांना उलटी किंवा जुलाब होतात. ज्या कुत्र्याला झटके येतात त्याच्याबद्दल डॉक्टरांना आधीच सांगा. या जातीच्या औषधांनी अंग थरथरणं, झटके येणं असं होऊ शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकानं 2018 मध्ये दिला आहे. पिल्लू 8 आठवड्यांपेक्षा लहान किंवा 2 किलोपेक्षा हलकं असेल तर ही गोळी द्यायचीच नाही.

तक्रार फक्त किमतीची. एका गोळीला सरकीच्या ढेपीच्या पोत्याएवढे पैसे मोजावे लागले, आणि ज्याच्या घरी कापूस अजून विकायचा आहे त्याला ते जड जातात. अंगावर एखाददुसराच चट्टा असलेलं पिल्लू पुष्कळदा आपोआप बरं होतं, तिथं खर्चाची घाई करू नका. आमच्या तालुक्याच्या मेडिकलात गोळी नव्हती, वर्ध्याहून मागवावी लागली. घेताना खोक्यावरचा वजनाचा आकडा आणि मुदतीची तारीख दोन्ही वाचा, आणि खोक्याशिवाय सुटी गोळी कोणी देत असेल तर घेऊ नका.