आयकराचा फुकट कॅल्क्युलेटर आणि मागीलदारची कलमं

‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ हे २०२५ च्या अर्थसंकल्पापासून कोकणात सगळ्यांना पाठ झालंय. ही सवलत नव्या करपद्धतीतली. पगारदाराला आणि पेन्शनरला त्यावर ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते, म्हणजे पावणेतेरा लाखांपर्यंत शून्य. हा हिशेब करून द्यायला आयकर खात्याने फुकट कॅल्क्युलेटर ठेवलेत. त्यातला एक ई-फायलिंग पोर्टलच्या पहिल्या पानावर आहे. त्याला लॉगिन लागत नाही, पॅनही लागत नाही. महिन्याच्या पगारापलीकडे काही नसेल तर दोन मिनिटांत काम होतं आणि उत्तर बरोबर येतं.

पण राजापूर-देवगडकडच्या घरात पगार एकटा क्वचितच असतो. एक जण नोकरीला, मागे शे-दीडशे हापूसची कलमं, थोडी काजू, आणि हल्ली दोन खोल्यांचा होमस्टे. अशा घरात हा कॅल्क्युलेटर कुठे चालतो आणि कुठे अडकतो?

त्याच्या ‘बेसिक’ भागात वर्षाचं एकूण उत्पन्न आणि वजावटी एवढंच विचारतात. आंब्याचे पैसे घालायचे कुठे? समजा, २०२५-२६ मध्ये वजावटीनंतरचा पगार ११ लाख आणि बागेचं निव्वळ उत्पन्न ६ लाख. दोन्ही मिळवून १७ लाख घातले तर कर येतो १,४५,६००. आंबा करमुक्त म्हणून सोडून दिला तर येतो शून्य. दोन्ही उत्तरं चूक. खरा कर ४१,६०० आहे.

शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही हे खरं. पण ते निव्वळ ५,००० च्या वर असेल आणि इतर उत्पन्न ४ लाखांच्या मूळ सवलतीच्या वर असेल, तर करपात्र रकमेचा दर ठरवताना ते धरतात. आधी १७ लाखांवरचा कर काढायचा : नव्या टप्प्यांनी १,४०,०००. मग शेतीचे ६ लाख अधिक मूळ सवलतीचे ४ लाख, अशा १० लाखांवरचा काढायचा : ४०,०००. फरक १,००,०००. बारा लाखांपर्यंतचा कर शून्य करते ती कलम ८७ए ची सूट. ती द्यायची की नाही हे ठरवताना शेती सोडून मोजलेलं उत्पन्न बघतात. इथे ते ११ लाख, म्हणून सूट मिळते, पण जास्तीत जास्त ६०,०००. उरले ४०,०००, त्यावर ४ टक्के उपकर १,६००. ‘बारा लाखांपर्यंत शून्य’ या वाक्यात ६०,००० चं हे कुंपण दिसत नाही आणि मोठी बाग असलेला नोकरदार नेमका तिथेच अडतो.

अर्थसंकल्पाला यात नावं ठेवण्यासारखं फारसं नाही. हेच आकडे २०२४-२५ च्या नव्या पद्धतीत बसवले तर कर १,६६,४०० होता. सव्वा लाख वाचले. लहान घराला तर कसलीच झळ नाही : पेन्शन आणि व्याज मिळून वजावटीनंतर ६ लाख, आंबा ३ लाख, तर येणारा १५,००० कर सुटीत पूर्ण जिरतो.

अशा हिशेबासाठी खात्याच्या माहितीच्या संकेतस्थळावर दुसरा, जुना कॅल्क्युलेटर आहे. दिसायला किचकट, सगळीकडे कलमांचे आकडे, मोबाइलवर तर डोळे दुखतात. पण त्यात शेती उत्पन्नाची वेगळी ओळ आहे. बागवाल्याने हाच वापरावा आणि वरची वजाबाकी एकदा कागदावर ताडून बघावी.

त्या ओळीत पट्टीचा, म्हणजे व्यापाऱ्याने पाठवलेल्या विक्रीच्या हिशेबाचा, आकडा जसाच्या तसा घालू नका. वाशीच्या घाऊक बाजारातून आलेल्या पट्टीत अडत, हमाली, तोलाई वजा झालेली असते. तीच दुसऱ्यांदा वजा करणं ही नेहमीची चूक. त्यापुढे तुमचा खर्च वजा करायचा : कल्टार, खत, फवारणी, राखण्याचा पगार, काढणीची मजुरी, पेट्या, गवत, गाडीभाडं. बिलं नसतील तर निदान तारखांची वही हवी. ज्या वर्षी मोहोर गळून बाग तोट्यात गेली त्या वर्षीही विवरणपत्र वेळेत भरून तोटा दाखवावा, कारण तो पुढची आठ वर्षं शेतीच्याच उत्पन्नातून वळता करता येतो. ‘काही मिळालंच नाही, मग भरायचं काय’ म्हणून सोडणारेच जास्त.

फळ तसंच विकलं तर शेती. पल्प काढला, बरण्या भरल्या, तर प्रक्रिया न केलेल्या आंब्याच्या बाजारभावाएवढा भाग शेतीचा आणि वरचा नफा धंद्याचा. कुणाची बाग मोहोरावर घेऊन फळ विकणाऱ्या व्यापाऱ्याचा नफाही धंद्याचाच. हे वेगळं काढून कॅल्क्युलेटर देत नाही, ते तुम्हीच काढून घालायचं.

कर निघाला तरी फॉर्म कुठला, हे दोन्ही कॅल्क्युलेटर सांगत नाहीत. शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर गेलं की सोपा आयटीआर-१ बंद. पगार आणि बाग असेल तर आयटीआर-२. होमस्टेचा धंदा अंदाजित नफ्यावर दाखवणाऱ्यांचा आयटीआर-४ सुद्धा त्याच ५,००० च्या अटीने बंद होतो आणि आयटीआर-३ भरावा लागतो. निव्वळ शेती उत्पन्न ५ लाखांच्या वर असेल तर जिल्हा, पिनकोड, जमीन स्वतःची की भाड्याची, बागायत की पावसावरची आणि क्षेत्र किती, हेही भरायचं असतं. क्षेत्र एकरांत मागतात, आपला सातबारा हेक्टर-आरमध्ये. ०-४०-० म्हणजे ४० आर, जेमतेम एक एकर. आर भागिले ४०.४७ केलं की एकर मिळतात. सातबाऱ्यावर सात भावंडांची नावं असतील तर अख्ख्या गटाचं नाही, आपल्या हिश्श्याचं क्षेत्र लिहा.

बाकीचे बदल थोडक्यात. ज्येष्ठांच्या बँक व्याजावर १ एप्रिल २०२५ पासून टीडीएसची (पैसे देतानाच कापल्या जाणाऱ्या कराची) मर्यादा ५०,००० वरून १ लाख झाली. मात्र पतसंस्थेने टीडीएस कापला नाही म्हणून तिथलं व्याज करमुक्त होत नाही, ते उत्पन्नात धरायचंच. कांदिवलीचा फ्लॅट आणि गावचं घर, अशी दोन घरं स्वतःच्या वापराची म्हणून दाखवायला आता कारण द्यावं लागत नाही. चाकरमान्यांसाठी हा बदल खरोखर कामाचा आहे. शेअर किंवा म्युच्युअल फंड विकून झालेल्या नफ्यावर विशेष दराने लागणाऱ्या कराला मात्र ८७ए ची सूट नव्या पद्धतीत लागू होत नाही. आणि कर शून्य आला तरी वजावटींआधीचं करपात्र उत्पन्न मूळ सवलतीच्या वर असेल तर विवरणपत्र भरावंच लागतं. मुदत चुकल्यास उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,००० आणि त्यावर असेल तर ५,००० विलंब शुल्क.

पगार, पेन्शन, व्याज यांना पोर्टलवरचा कॅल्क्युलेटर पाचपैकी चार गुणांचा, बाग असलेल्यांना एक. जुन्याला साडेतीन, दीड गुण इंग्रजीच्या जंगलासाठी कापला.

वरच्या उदाहरणातले ४१,६०० कार्यालय पगारातून कापत नाही, कारण त्यांच्या लेखी तुम्ही ११ लाखवाले, कर शून्य. टीडीएस वजा जाता १०,००० किंवा जास्त कर उरत असेल तर तो आगाऊ भरायचा असतो, नाहीतर व्याज चढतं. साठी उलटलेल्या आणि धंद्याचं उत्पन्न नसलेल्यांना यातून सूट आहे. पहिला हप्ता १५ टक्क्यांचा, म्हणजे इथे ६,२४०, आणि त्याची मुदत १५ जून. तोवर शेवटची पेटी गेलेली असते, पट्ट्या हातात आलेल्या असतात.