बाल संगोपन योजना : माझा अनुभव (पाचपैकी साडेतीन)

नवरा गेल्यापासून मी शिलाईच्या कारखान्यात पीस रेटवर काम करते. मुलगी सातवीत, मुलगा चौथीत. दोघांनाही क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना लागू झाली, म्हणून लिहितेय.

योजनेत आई किंवा वडील नसलेल्या मुलाला अठरा वर्षांचा होईपर्यंत महिन्याला 2250 रुपये मिळतात. 2023 च्या वाढीआधी 1100 होते. माझ्या मुलीची क्लासची फी आणि मुलाची शाळेची रिक्षा यातूनच भागते. ती रिक्षा आहे म्हणून मी पूर्ण पाळी करू शकते, नाहीतर मधेच उठून त्याला आणायला जावं लागायचं.

आधी मला सगळ्यांनी संजय गांधी निराधार या सरकारी मदतीच्या योजनेचा फॉर्म भरायला सांगितलं. त्यात महिन्याला 1500 रुपये मिळतात, पण कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत हवं. म्हणजे महिन्याला 1750. मशीनवर बसणारी कुठली बाई त्यात बसेल? काम सोडावं तर 1500 मध्ये घर चालत नाही, काम करावं तर नाव कटतं. ही मर्यादा वाढवायलाच हवी. बाल संगोपनलाही तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, पण माझ्या कमाईमुळे अर्ज अडला नाही.

आता त्रासाचं. मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड, आधार, शाळेचं बोनाफाईड हे जमतं. घरासमोर मुलांसोबत काढलेला फोटोही लागतो. मी भाड्याच्या खोलीत राहते. घरमालकीणबाईंना वाटलं, खोलीवर हक्क सांगायला पुरावा गोळा करतेय. फॉर्मची झेरॉक्स दाखवली तेव्हा कुठे त्यांनी दारात उभं राहू दिलं. गृहभेटीच्या ताई मात्र भल्या. मी दिवसा घरी नसते म्हटल्यावर संध्याकाळी सातला आल्या, मुलांशी नीट बोलल्या, वह्या पाहिल्या.

अर्ज मंजूर करणाऱ्या बालकल्याण समितीपुढे मुलांना घेऊन जिल्ह्याच्या गावी जावं लागतं. माझा खाडा, मुलांची शाळा बुडते, वर तिघांचं एसटीचं भाडं. त्यात एखादा कागद कमी निघाला की पुन्हा तेच. मदत ज्या कामकरी आईसाठी आहे, तिलाच कामाच्या दिवशी बोलवायचं हे मला पटत नाही. महिन्यातून एक शनिवार तालुक्याला बैठक ठेवली तर कितीतरी बायकांची मजुरी वाचेल.

दुसरी तक्रार हप्त्याची. आमच्याकडे पैसे दरमहा येत नाहीत, काही महिन्यांचे एकदम येतात. रिक्षावाले काका थांबतात, क्लासवाले थांबत नाहीत. मग मी उचल घेते आणि पुढच्या पगारात ती कापली जाते. दीड गुण मी या दोन गोष्टींसाठीच कापलेत.

बायको गेलेल्या बापांनीही अर्ज करा. आमच्या गल्लीतले एक रिक्षाचालक दोन मुलींना एकटे सांभाळतात, त्यांना ही योजना फक्त विधवांची वाटत होती. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात फॉर्म फुकट मिळतो, एजंटला पैसे देऊ नका. खातं आधारला जोडलंय का ते आधी बँकेत विचारून घ्या, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच शिक्क्यासकट मागून ठेवा.