बोहरी आळीतला दोर शिडाच्या बोटीला चालतो का?

चालतो, पण सगळा नाही. पुण्याच्या रविवार पेठेतल्या या दुकानांत दोर बहुधा किलोवर मिळतो आणि 'नायलॉन' हे तिथे सगळ्याच कृत्रिम दोरांचं आडनाव असतं. लेझर या एकट्याने चालवायच्या छोट्या शिडाच्या बोटीच्या मेनशीटला, म्हणजे शीड ओढायच्या-सोडायच्या दोराला, हवं पॉलिएस्टर: 7-8 मिमी जाड, सुमारे 14 मीटर. खरं नायलॉन ताणतं. वाऱ्याचा झोत आला की नेमकं तेव्हाच शीड सैल पडतं. शिवाय भिजल्यावर त्याची ताकद थोडी उतरते.

म्हणून नावावर जाऊ नका. पांढऱ्या दोराचा बोटभर तुकडा मागा (देतात, कुरकुरत). पाण्यात तरंगला तर पॉलिप्रोपिलीन. बुडाला तर बाहेर येऊन, कोरडा करून टोक पेटवा: काळा दाट धूर आणि काळा कडक मणी म्हणजे पॉलिएस्टर, नायलॉनचा धूर फिकट असतो. मग दोर चिमटीत दाबा. चपटा झाला तर आतला गाभा पोकळ आहे, क्लीटमध्ये, म्हणजे दोर अडकवायच्या पकडीत, तो घसरणारच. इथल्या विणलेल्या दोरांची खरी खोट हीच.

भावातही गंमत आहे. 8 मिमीचं 14 मीटर पॉलिएस्टर साधारण 650-700 ग्रॅम भरतं, तेवढंच पॉलिप्रोपिलीन 450 च्या आसपास. किलोचा भाव ऐकून तुलना कराल तर फसाल, मीटरचा हिशेब मांडा. पॉलिप्रोपिलीन अगदीच टाकाऊ नाही. ऑप्टिमिस्ट या मुलांच्या छोट्या शिडाच्या बोटीच्या नियमांत पुढचा, बोट बांधायचा-ओढायचा दोर तरंगणाराच लागतो, किमान 5 मिमी जाड आणि 8 मीटर लांब. फक्त उन्हात त्याचे तंतू ठिसूळ होतात. हाताला भुकटी लागली की बदला.

स्टेनलेसचे शॅकल, म्हणजे जोडणीच्या खिळीवाल्या कड्या, धरणाच्या पाण्यात 304 प्रतीच्या पोलादाचे चालतील. समुद्रात 316 च हवेत, त्यातलं मॉलिब्डेनम खारेपणाला तोंड देतं. लोहचुंबकाने हा फरक कळत नाही, तेव्हा अंगावर छाप नसेल तर समुद्रावर नेऊ नका. कप्प्या मात्र इथे घेऊच नका. त्या ओझं उचलायच्या असतात. बॉल-बेअरिंगच्या हलक्या कप्प्या सेलिंगचं सामान विकणाऱ्याकडूनच मागवाव्या लागतात.

गाडी नेऊ नका, मंडई मेट्रो स्टेशनवरून चालत जाता येतं. आणि दोर कापण्याआधी त्या जागी चिकटपट्टी गुंडाळायला सांगा, नाहीतर घरी पोचेपर्यंत गाभा आत सरकलेला असतो.