बॅटरसीचा शांती पॅगोडा आणि ९ ऑगस्टची पदयात्रा: जावं का, कसं जावं

लंडनमधला आंतरधर्मीय कार्यक्रम म्हटलं की एक ठरलेला साचा असतो. सभागृह, चहा-बिस्किटं आणि प्रत्येक धर्माच्या प्रतिनिधीला वाटून दिलेली पाच-पाच मिनिटं. बॅटरसी पार्कमधल्या जपानी भिक्खूंचा उपक्रम या साच्यात बसत नाही. नागासाकीच्या स्मरणदिनी, ९ ऑगस्टला, व्हिक्टोरियाजवळच्या वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलपासून टेम्सकाठच्या शांती पॅगोड्यापर्यंत पदयात्रा निघते आणि अंधार पडू लागला की पाण्यावर कंदील सोडतात. तिकीट नाही आणि कोणी कुठल्या धर्माचा आहे हेही विचारलं जात नाही.

आधी वास्तूबद्दल. निप्पोन्झान म्योहोजी या निचिरेन परंपरेतल्या (तेराव्या शतकातले जपानी भिक्खू निचिरेन यांना मानणाऱ्या) संघाने ती बांधली. उंची ३३.५ मीटर, दुहेरी छत, चार कोनाड्यांत बुद्धचरित्रातले चार प्रसंग सांगणाऱ्या सोनेरी मूर्ती. जागा ग्रेटर लंडन कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या लंडनच्या स्थानिक प्रशासनाने दिली, हातकाम भिक्खू, भिक्खुणी आणि स्वयंसेवकांचं. १४ मे १९८५ ला पॅगोडा खुला झाला. संघाचे संस्थापक निचिदात्सु फुजी त्याच वर्षी ९ जानेवारीला गेले. चार महिन्यांनी हुकलं. हेच फुजी १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले होते. सेवाग्रामच्या सर्वधर्म प्रार्थनेत ‘नम्यो हो रेंगे क्यो’ ऐकलेल्यांना पॅगोड्यापाशी तेच शब्द कानावर पडले की वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. या संघाचं इतर धर्मीयांसोबत बसणं-उठणं लंडनमध्ये सुरू झालेलं नाही, ते मुळातच तिथून आलेलं आहे.

मग सुरुवात कॅथॉलिक चर्चपाशी का? नागासाकीतला उराकामी हा भाग जपानी कॅथॉलिकांचा. बॉम्ब पडला ती जागा तिथल्या कॅथीड्रलपासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. शिवाय हिटलरच्या सैन्यात लढायला नकार देणारे ऑस्ट्रियन कॅथॉलिक शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर यांचा शिरच्छेद झाला तो दिवसही ९ ऑगस्टच, १९४३ चा. त्यामुळे कॅथॉलिक शांतीवाद्यांना ही तारीख कोणी समजावून सांगावी लागत नाही. दोन्ही बाजूंना स्वतःचं कारण आहे, म्हणूनच इथे ‘आम्हीही आलो होतो’ छापाची हजेरी दिसत नाही. आंतरधर्मीय उपक्रम बहुतेक वेळा इथेच फसतात: एकाचं दुःख आणि बाकीच्यांची सहानुभूती.

आता जाण्याचं. सगळ्यात नेहमीचा घोटाळा म्हणजे लोक वेस्टमिन्स्टर ॲबीला जाऊन उभे राहतात. ॲबी अँग्लिकन, बिग बेनजवळची. कॅथीड्रल कॅथॉलिक, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या विटांचं, व्हिक्टोरिया स्टेशनपासून पाच मिनिटांवर. दोन्हींत साधारण एक किलोमीटरचं अंतर आहे आणि पदयात्रा निघून गेली की गर्दीतून तिला गाठणं कठीण. निघण्याची वेळ दरवर्षी थोडी पुढेमागे होते, ती आधी पाहून घ्यावी. चुकलंच तर मागे धावू नये, सरळ पार्क गाठावं. नॉर्दर्न लाइनचं बॅटरसी पॉवर स्टेशन किंवा रेल्वेचं बॅटरसी पार्क स्टेशन, दोन्ही चालण्याच्या अंतरावर आहेत.

पदयात्रा चेल्सी पुलावरून जाते. अंतर अडीच किलोमीटरच्या आसपास, जथ्याच्या चालीने पाऊण तास धरा. पुढे पिवळी वस्त्रं घातलेले भिक्खू, हातात पंख्याच्या आकाराचे सपाट ढोल. डाव्या हातात ढोलाची मूठ, उजव्यात काठी, आणि सात अक्षरांचा जप ठोक्यागणिक. जप सद्धर्मपुंडरीक सूत्र या महायान ग्रंथाला वंदन करणारा आहे. तो म्हणायची सक्ती नाही, नुसतं पावलाला ठोका धरून चाललं तरी चालतं. वारीत टाळांमागे चालताना जसं आपोआप होतं, तसंच. ढोल हातात मिळालाच तर मूठ आवळू नका आणि काठी पिळू नका, मनगट सैल सोडा. चामडं दमट हवेत ढिलं पडतं, मग आवाज बसतो. पावसात ढोल झाकलेला दिसला तर कारण हेच.

महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांतून येणाऱ्यांसाठी एक सूचना. त्रिशरण-पंचशील, पाली वंदना अशी अपेक्षा ठेवून येऊ नका. ही महायान परंपरा आहे, क्रम वेगळा, सूर वेगळा. पॅगोड्याला उजवी घालून मनातल्या मनात आपली वंदना म्हणायला मात्र कोणाचीच हरकत नसते.

कंदिलांचा भाग देखणा आणि तितकाच कटकटीचा. रचना साधी: लाकडी बैठक, कडेने उभ्या काड्या, भोवती कागद, मध्ये मेणबत्ती. बिघडतं ते तीन ठिकाणी. कागद फार बुटका असला तर वारा ज्योत विझवतो, फार आत झुकला तर पेटतो. मेणबत्ती मध्यावर नसेल तर एक कोपरा बुडतो, कागद पाणी ओढतो आणि कंदील लवंडतो. आणि शाईच्या पेनाने लिहिलेला संदेश भिजला की पसरतो. पेन्सिल उत्तम, मराठीत खुशाल लिहा. सोडताना दोन्ही तळव्यांवर आडवा धरून पाण्याला टेकवायचा आणि हात खालून काढून घ्यायचा. ढकलायचा नाही. पहिला कंदील ढकलणारा स्वतःच्या लाटेने शेजारच्याचा विझवतो, हमखास. कंदील नदीत नव्हे, साचलेल्या पाण्यावर सोडतात. नदी एवढ्या जवळ असताना साचलेलं पाणी का, असं वाटेल. टेम्सला इथे भरती-ओहोटी असते. कंदील बघता बघता वाहून जातील आणि परत गोळा करता येणार नाहीत. गोळा करणं हाही कामाचाच भाग आहे, तेव्हा निघायची घाई नसेल तर हात लावा.

त्या दिवशी सूर्यास्त साडेआठनंतर होतो, म्हणजे उजेड असताना पोहोचलं तरी थांबावं लागतं. बसायला खुर्च्या नाहीत, छप्पर नाही, पॅगोड्यापाशी स्वच्छतागृह नाही. सतरंजी, स्वेटर आणि पाणी सोबत हवं. ऑगस्टमध्येही नदीकाठी रात्री गारठा लागतो. पार्कची दारं साडेदहाला बंद होतात, लहान मुलं असतील तर परतीचा हिशेब आधी करा.

उणीव एकच पण मोठी. बौद्ध धम्म समजून घ्यायला, प्रश्न विचारायला ही जागा नाही. पाठोपाठ प्रार्थना होतात, पण त्या समजावून सांगत कोणी नाही. शेजारच्या मुस्लिम किंवा क्वेकर (शांतीवादी ख्रिस्ती पंथाच्या) माणसाशी ओळख आपण काढली तर निघते. शाळेचा गट घेऊन येणाऱ्या शिक्षकांनी विम्बल्डनचं थाई बुद्धपदीप विहार किंवा अनागारिक धर्मपालांनी १९२६ मध्ये स्थापन केलेला, आता चिझिकला असलेला लंडन बुद्धिस्ट विहार गाठावा.

तरीही या बिनखर्ची पद्धतीचं कौतुक करावं लागतं. १९८७ मध्ये उभं राहिलेलं इंटर फेथ नेटवर्क हे ब्रिटनमधल्या धर्मसंस्थांना जोडणारं जाळं सरकारी पैसा थांबल्यावर २०२४ मध्ये बंद पडलं. इथे थांबण्यासारखा पैसाच नाही. मेणबत्त्या, कागद आणि चालणारी माणसं.

पाचपैकी चार. एक गुण माहितीच्या अभावासाठी कापला. ९ ऑगस्टची संध्याकाळ जमत नसेल तर ६ ऑगस्टला दुपारी टॅव्हिस्टॉक स्क्वेअरमध्ये हिरोशिमाच्या स्मरणाची सभा असते, १९६७ मध्ये लावलेल्या चेरीच्या झाडापाशी. ती तासाभराची, चालणं नाही, जेवणाच्या सुट्टीत उरकते. गांधीजींचा पुतळा त्याच बागेत आहे.