तुटलेल्या पायाचा स्नायू : न्यूटची वाट आणि ॲक्झोलॉटलची वाट

न्यूट आणि ॲक्झोलॉटल दोघेही सॅलमँडर, म्हणजे सरड्यासारखे दिसणारे शेपटीवाले उभयचर; दोघांचाही तुटलेला पाय पुन्हा उगवतो. पण नव्या स्नायूंसाठी पेशी कुठून येतात? २०१४ साली पेशींवर खुणा करून केलेल्या प्रयोगांत फरक उघड झाला.

प्रौढ न्यूटमध्ये पूर्ण घडलेला स्नायूतंतूच मागे फिरतो. अनेक केंद्रकांचा हा तंतू फुटून एकेका केंद्रकाच्या पेशी होतात, त्या विभागतात आणि पुन्हा तंतू बनतात. घडलेल्या पेशीने आपली घडण उतरवून ठेवावी, हे मला विलक्षण वाटतं! तरी ती आपलं मूळ विसरत नाही. तिच्यापासून स्नायूच होतो.

ॲक्झोलॉटल तंतूंलगतच्या राखीव उपग्रह पेशी वापरतो. तशा पेशी माणसाच्या स्नायूंतही असतात, म्हणून छोटी दुखापत भरून येते.