छोटी झालेली जीआरई: घरूनच द्यावी की अहमदाबाद गाठावं?

22 सप्टेंबर 2023 पासून पावणेचार तासांची जीआरई (परदेशात पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायची परीक्षा) एक तास अठ्ठावन्न मिनिटांवर आली. सीनियरकडून खाली आलेल्या पुस्तकांत मात्र अजून जुनीच परीक्षा असते. बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीतून अमेरिकेला अर्ज करणाऱ्यांनी ती पुस्तकं फेकू नयेत, पण त्यातलं काय वापरायचं ते कळायला हवं. नव्या जीआरईबद्दल आमचं मत थोडक्यात असं: परीक्षा अंगावर येत नाही, पण चूकही पोटात घालत नाही.

आधी हिशोब. व्हर्बलचा, म्हणजे इंग्रजीचा, पहिला सेक्शन 12 प्रश्नांचा, 18 मिनिटं. दुसरा 15 प्रश्नांचा, 23 मिनिटं. क्वांटमध्येही, म्हणजे गणितात, 12 आणि 15 प्रश्न, वेळ अनुक्रमे 21 आणि 26 मिनिटं. सुरुवातीला निबंध एकच, 30 मिनिटांचा. दिलेला युक्तिवाद तपासायचा, आर्ग्युमेंटवाला दुसरा निबंध गेला, गुण न मिळणारा प्रायोगिक सेक्शन गेला, मधली दहा मिनिटांची सुट्टीही गेली. केंद्रावर मध्येच उठलात तर घड्याळ चालूच राहतं.

‘छोटी म्हणजे घाईची’ हा गैरसमज इथेच मोडतो. पूर्वी व्हर्बलला 20 प्रश्नांना 30 मिनिटं होती, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. आजही दीडच. क्वांटला पावणेदोन मिनिटं होती, तीही जवळपास तशीच. बदललं ते प्रश्नाचं वजन. एका विषयात पूर्वी 40 प्रश्न होते, आता 27. गुणांची पट्टी मात्र 130 ते 170 हीच. म्हणजे एक प्रश्न जवळजवळ दीड प्रश्नाएवढा जड झाला. शिवाय पहिल्या 12 प्रश्नांत कसं केलं त्यावर दुसरा सेक्शन सोपा की अवघड येणार ते ठरतं. पूर्वी पहिल्या 20 मध्ये दोन हलगर्जीपणाच्या चुका खपून जायच्या; 12 मध्ये त्या महाग पडतात.

या चुका कुठे होतात तेही ठरलेलं आहे. सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्ये सहातून दोन शब्द निवडायचे असतात. एक बरोबर, एक चूक म्हणजे शून्य. तीन रिकाम्या जागांच्या प्रश्नाचंही तेच, अर्धे गुण नाहीत. क्वांटमध्ये ‘लागू असलेले सगळे पर्याय निवडा’ हे वाचायचं राहून एकावरच टिक होते. दोन राशींतली मोठी कोणती ते ठरवायच्या क्वांटिटेटिव्ह कम्पॅरिझनमध्ये x ऋण किंवा शून्य असू शकतो हे विसरून उत्तर ठोकलं जातं. स्क्रीनवरच्या कॅल्क्युलेटरवर माऊसने आकडे मारताना वेळ जातो, आणि अंकी उत्तर हाताने उतरवताना दशांशचिन्ह सरकतं. कॅल्क्युलेटरवर ‘ट्रान्सफर डिस्प्ले’ असं बटण आहे; त्याने उत्तर थेट चौकटीत जातं. मात्र प्रश्नात राउंडिंग मागितलं असेल तर ते आपणच करायचं. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. त्याच सेक्शनमध्ये प्रश्नाला खूण करून परत येता येतं.

निबंधाच्या चौकटीत स्पेलचेक नसतो. ज्यांचं सगळं लिखाण फोनच्या ऑटोकरेक्टवर चालतं त्यांना हे तिसऱ्याच वाक्याला जाणवतं. विषयांची पूर्ण यादी परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्या साइटवर खुली आहे. पाठांतर नको, त्यातले दहा विषय घड्याळ लावून, साध्या नोटपॅडवर टाइप करा.

सरावासाठी ईटीएसच्या पॉवरप्रेपच्या दोन मोफत चाचण्या आधी वापरा, त्या नव्या आराखड्याच्या आहेत. अलकापुरी-फत्तेगंजकडे क्लास बघायला गेलात तर एकच विचारा: तुमच्या मॉक टेस्टमध्ये सेक्शन किती प्रश्नांचा? ‘वीस’ असं उत्तर आलं तर फी विचारण्याची गरज नाही. जुन्या पुस्तकातली शब्दांची यादी, गणित, उतारे सगळं चालतं. फक्त आर्ग्युमेंटचा निबंध वगळा आणि सराव 12-15 च्या तुकड्यांत करा.

आता घरच्या परीक्षेची सोय. दिवसरात्र स्लॉट मिळतात, अहमदाबादचा शंभर-सव्वाशे किलोमीटरचा जाच वाचतो. पण अटी नीट वाचा. खोलीत तुम्ही एकटेच, दार बंद आणि कॅमेऱ्यात दिसेल असं. साधं टेबल, साधी खुर्ची. पलंग किंवा सोफा नाही. टेबल रिकामं. हेडफोन नाही, कान उघडे. मॉनिटर एकच, टॅबलेट चालत नाही. कंपनीचा लॅपटॉप टाळा. फायरवॉल आणि ॲडमिन परवानग्यांमुळे ईटीएसचा सिक्युअर ब्राउझर ऐनवेळी अडतो. इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवा असतात, राउटर बहुधा नसतो. तो आदल्या दिवशी जोडा आणि मेन स्विच पाडून बघा.

सगळ्यात त्रासाची गोष्ट म्हणजे कागद. केंद्रावर पेन्सिल आणि कच्चे कागद मिळतात. घरी साधा कागद चालत नाही: छोटा व्हाइटबोर्ड, नाहीतर पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला एक कोरा कागद, आणि पुसता येणारं मार्कर. पाकिटावर दिव्याची चकाकी येते, तळहाताच्या कडेने आकडे पुसले जातात आणि जाड टोकाच्या मार्करने तीन गणितांत जागा संपते. पातळ टोकाचं मार्कर आणि सुती फडकं घ्या, आणि सगळा सराव यावरच करा. शेवटी सगळं पुसून प्रॉक्टरला (कॅमेऱ्यातून बघणाऱ्या निरीक्षकाला) दाखवायचं असतं.

दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या घरांत खोल्या एकामागे एक, आरपार. स्वयंपाकघराकडचं दुसरं दार कडी लावून बंद नसेल तर आजी चहा घेऊन आल्या म्हणूनही परीक्षा रद्द होऊ शकते. नवरात्रात रात्रीचा स्लॉट घेऊच नका. गरब्याचा साऊंड खिडक्या बंद करून थांबत नाही. उत्तरायणाच्या 14-15 जानेवारीला तर गच्च्यांवरच्या स्पीकरसमोर काहीच चालत नाही. अशा घरातल्यांनी सरळ केंद्रावर जावं, आदल्या रात्री अहमदाबादला मुक्काम करावा. फ्लॅटमध्ये स्वतंत्र खोली आणि भरवशाचं इंटरनेट असेल तर घरची परीक्षा उत्तम.

पासपोर्टवरचं नाव आणि ईटीएस खात्यातलं नाव जुळलं पाहिजे. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी गिव्हन नेममध्ये असतं, कधी गाळलेलं. लग्नानंतर आडनाव बदललेलं पण पासपोर्ट जुना, हेही नेहमीचं. कॉलेजच्या मार्कशीटवरून नव्हे, पासपोर्ट समोर ठेवून नोंदणी करा.

एमबीएला जाणाऱ्यांसाठी जीमॅटही बदलली आहे: 45 मिनिटांचे तीन सेक्शन, निबंध नाही, सेंटेन्स करेक्शन नाही, भूमिती नाही. गुण 205 ते 805. त्यामुळे 645 बघून खट्टू होऊ नका, ते जुन्या 700 च्या आसपासचे आहेत. प्रत्येक सेक्शनच्या शेवटी तीन उत्तरं बदलता येतात. टेबल-आलेख वाचायची सवय असेल तर आमचा कल जीमॅटकडे.

तारखांचं गणित असं. जीआरईचे अधिकृत गुण आता 8 ते 10 दिवसांत येतात आणि दोन प्रयत्नांत 21 दिवसांचं अंतर लागतं. 25 ऑक्टोबरला पहिला प्रयत्न केला, तर दुसरा 15 नोव्हेंबरला, गुण 25 नोव्हेंबरच्या सुमारास, आणि 1 डिसेंबरची डेडलाइन गाठता येते. पहिला प्रयत्नच नोव्हेंबरच्या मध्यावर ठेवलात तर दुसरी संधी उरत नाही. आणि पैसे भरण्याआधी प्रत्येक विभागाचं पान उघडून बघा: 2020 नंतर बऱ्याच ठिकाणी जीआरई ऐच्छिक झाली आहे, आणि एकाच विद्यापीठात एका विभागाला लागते, दुसऱ्याला लागत नाही.